श्रमाची मात्रा

पनवेलसारख्या गावात ज्याने आयुष्याचा मोठा भाग वैद्यकीत घालविला, त्याला रोग्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता गावाचा इतिहासही कळत जातो. कारण रोग एकेकट्या माणसाला होत असला, तरी त्याची मुळे बहुधा सर्वांच्या सामाईक जीवनक्रमात रुजलेली असतात, आणि तो जीवनक्रम पालटला की दवाखान्याच्या बाकावर येऊन बसणारी दुखणीही पालटतात. जुन्या पनवेलात मी दवाखाना सुरू केला तेव्हा आषाढात येणारी माणसे पायांच्या बेचक्यांत चिखल्या झालेली, लावणीने कंबर धरलेली, हिवतापाने काकडणारी अशी असत. कार्तिकात विळ्याने कापलेली बोटे येत, आणि उन्हाळ्यात खारबंदिस्तीच्या कामावर उन्हाने घेरी आलेले मजूर येत. आज त्याच बाकावर, त्याच आडनावांची, बहुधा त्याच घरांतील माणसे येतात. परंतु त्यांच्या हातांत रक्तशर्करेचे अहवाल असतात, मानेला पट्टा असतो, आणि रात्री झोप येत नाही ही तक्रार पंचविशीतला तरुण पासष्टीच्या गृहस्थाइतक्याच सहजतेने सांगतो.

हा पालट कसा घडला, हे पनवेलकराला सांगावयास नको. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसविण्यासाठी पनवेल, उरण व ठाणे या तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचा जो हक्क प्रकल्पग्रस्तांना मिळाला, त्याच्या पाठीमागे त्या बलिदानाचे मोल आहे. त्या न्याय-अन्यायाची चर्चा अधिकारी लेखकांनी केली आहे. मी वैद्यकी करणारा मनुष्य, मला या इतिहासात एक निराळीच गोष्ट दिसते. ज्या घरात शेकडो वर्षे प्रत्येक पिढी नांगरामागून चालत आली, त्या घरातील मुलगा एका पिढीच्या आत बिगरशेतकरी झाला. देह मात्र त्याला आजोबांचाच मिळाला, अन्नही बव्हंशी आजोबांचेच राहिले, म्हणजे ताटभर भात आणि त्यावर आमटी. केवळ तो भात पचविणारा श्रम त्याच्या दिनक्रमातून काढून घेतला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाच्या रुग्णांचा अंदाज सुमारे दहा कोटी दहा लाख इतका मांडला आहे, आणि प्रौढांपैकी पस्तीस टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे नमूद केले आहे. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत असा निष्कर्ष काढला. हे आकडे मी वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही, कारण ते माझ्या बाकावर पूर्वीच येऊन बसले होते.

अशा रुग्णांना वैद्याने काय सांगावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक मी वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याप्रमाणे माणसे काही दिवस वडाळे तलावाच्या काठाने चालतात, कोणी व्यायामशाळेची वर्गणी भरतो. आणि मग पाऊस लागतो, किंवा घरात लग्न निघते, किंवा कचेरीतील काम वाढते, आणि जो क्रम तुटतो तो पुन्हा जुळत नाही. पुष्कळांना हे सांगून पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की केवळ स्वतःच्या प्रकृतीसाठी केलेला श्रम बहुसंख्य माणसांना फार काळ निभत नाही. ज्या श्रमाची कोणीतरी वाट पाहत आहे, जो आज केला नाही तर उद्या काहीतरी वाळून जाईल, असा श्रम मात्र माणूस कंटाळा आला तरी करतो. शेताला ही वाट पाहण्याची शक्ती आहे. आवण, म्हणजे भाताची रोपे, उपटावयास तयार झाले की ते आपल्या सवडीसाठी थांबत नाही, आणि मांडवावर चढविलेल्या पडवळाला पाणी घालावयाचे राहिले तर संध्याकाळी त्याने मान टाकलेली दिसते.

या विचारातूनच, माझ्या काही रुग्णांना आणि त्यांच्याबरोबर निरोगी असूनही रोगाच्या वाटेवर असलेल्या काही स्नेह्यांना घेऊन, गाढी नदीच्या खोऱ्यात, प्रबळगडाच्या पायथ्याकडील एका गावात शेती करण्याचा उपक्रम आम्ही आरंभिला. पनवेलहून तिकडे जाताना नेरे लागते, आणि तेथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. समाजाने बाहेर टाकलेल्या रुग्णाला औषधाबरोबरच कामही दिले पाहिजे, कारण कामाने त्याचा देह आणि त्याची प्रतिष्ठा ही दोन्ही परत येतात, ही श्रद्धा त्या वास्तूमागे आहे. त्या फाटकावरून जाताना मला नेहमी वाटे की, ज्यांना कोणीही बाहेर टाकलेले नाही अशा आम्हा सुस्थित लोकांनाही या उपचाराची तितकीच गरज आहे.

शेत आमच्या मालकीचे नव्हते, आणि ते तसे व्हावे अशी इच्छाही नव्हती. माझ्याकडे अनेक वर्षे औषधासाठी येणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाने आपल्या सातबाऱ्यावरील एक भाताचे खाचर आणि विहिरीलगतची वरकस जमिनीची पट्टी आम्हाला वहिवाटीस दिली. करार साधा होता: वर्षाचा खंड आगाऊ द्यावयाचा, घरातील कर्ते दादा आणि त्यांची पत्नी, जिला आम्ही सर्व जण मावशी म्हणू लागलो, यांनी आम्हाला शिकवावयाचे आणि त्या शिकविण्याची रोजी वेगळी घ्यावयाची, भाताचा निम्मा वाटा त्यांचा, भाजीपाला काम करणाऱ्यांनी वाटून न्यावयाचा. शिकविण्याची रोजी हे कलम मी आग्रहाने घातले होते. शहरातील माणूस शेतावर येतो तेव्हा शेतकऱ्याकडे तो यजमान म्हणून, फार तर मदतनीस म्हणून पाहतो. परंतु येथे शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण याबद्दल कोणाच्याही मनात संदेह राहू नये, असे मला वाटत होते.

आमच्या मंडळीत निवृत्त कारकून होते, शिक्षिका होत्या, न्हावाशेव्याच्या बंदराशी संबंधित नोकरी करणारे दोघे तरुण होते, संगणकापुढे रात्रपाळी करणारी एक मुलगी होती, आणि ज्यांच्या वडिलांची जमीन संपादनात गेली असे चार-पाच गृहस्थ होते. या शेवटच्या गृहस्थांचे वर्तन प्रारंभी मला उमगेना. ते शेतावर येत, बांधावर उभे राहत, परंतु खाचरात उतरावयास त्यांचे पाय धजत नसत. एके दिवशी त्यांच्यापैकी एकाने मला बाजूला घेऊन सांगितले की, डॉक्टर, आमच्या बापाने आयुष्यभर हेच सांगितले की पोरांनो शिका, नोकरी धरा, म्हणजे या चिखलातून सुटाल. आता त्याच चिखलात औषध म्हणून उतरायचे, हे मनाला पटत नाही. त्यांच्या बोलण्यात जी वेदना होती तिला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि मी दिलेही नाही. परंतु लावणीच्या दिवशी मावशी आवणाच्या मुठी फेकीत खाचरातून चालू लागली, आणि त्यांतील एक मूठ या गृहस्थांच्या पुढ्यात पडली, तेव्हा त्यांनी ती उचलली, विजार गुडघ्यावर दुमडली आणि ते पाण्यात उतरले. त्यांचे हात शिकविल्यावाचून चालत होते. लहानपणी पाहिलेले काम देहाच्या कोणत्या दफ्तरात जपून ठेवलेले असते कोण जाणे, परंतु मागणी येताच ते बाहेर येते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

बाकीच्यांना मात्र सारे अक्षरापासून शिकावे लागले. लावणी हे काम दुरून पाहणाऱ्याला ओणवे होऊन रोप खुपसण्याइतकेच वाटते. वस्तुतः त्यात देहाची एक सूक्ष्म शिस्त आहे. कंबरेच्या मणक्यांवर भार न देता नितंबाच्या सांध्यातून वाकावयाचे, गुडघे किंचित सैल ठेवावयाचे, डाव्या हातातील मूठ मांडीशी टेकवून उजव्या हाताने दोन-तीन रोपांचा चूड सोडवावयाचा, तो बोटांच्या अग्रांनी चिखलात बसवावयाचा आणि एक एक पाऊल मागे सरावयाचे. ‘दोन बोटं जाऊ दे, जास्ती खोल नको; खोल गेला तर फुटवा नाय येत,’ असे मावशी प्रत्येकाला सांगे, आणि त्या एका वाक्यात भातशास्त्रातील महत्त्वाचा नियम आलेला असे. रोग्याच्या पाठीची तपासणी करताना मी जे सांगत आलो, की वाकताना मणका सरळ ठेवा आणि मांड्यांना काम करू द्या, तेच तत्त्व मावशीच्या देहात पूर्णतः मुरलेले होते. माझ्या उपदेशाने जे साधले नव्हते ते तिच्या मागून दोन ओळी लावल्याने कित्येकांना साधले.

येथे थोडे देहाच्या व्यापाराविषयी सांगितले पाहिजे. मांड्या, नितंब आणि पाठ यांचे स्नायू हे देहातील सर्वांत मोठे स्नायू, आणि रक्तातील शर्करेचे सर्वांत मोठे ग्राहकही तेच. स्नायू आकुंचन पावत असता इन्सुलिनच्या हुकमाची वाट न पाहता ते रक्तातून शर्करा ओढून घेऊ शकतात, आणि श्रम थांबल्यानंतरही कित्येक तास, पुष्कळदा दुसऱ्या दिवसापर्यंत, इन्सुलिनला दिलेला त्यांचा प्रतिसाद सुधारलेला राहतो. बसणे, उठणे, वाकणे, कुदळ उचलणे, घमेले वाहणे, ओल्या बांधावर तोल सांभाळीत चालणे, या सर्व क्रियांत हेच स्नायू राबतात. पाऊण तासाच्या खणतीत माणूस जितक्या निरनिराळ्या प्रकारे हलतो, तितका तो एका सुरात चालताना हलत नाही. त्यातच सकाळचे कोवळे ऊन डोळ्यांवर पडते, त्याने देहाचे घड्याळ लागते आणि रात्रीची झोप वेळेवर येते. रात्रपाळी करणाऱ्या त्या मुलीने प्रथम मला हेच सांगितले होते, की ज्या सुट्टीच्या दिवशी ती शेतावर येई त्या रात्री तिला झोपेसाठी धडपडावे लागत नसे.

परंतु ज्या वस्तूला औषध म्हणावयाचे तिला मात्रा असावी लागते, अनुपान असावे लागते, आणि ती कोणाला देऊ नये याचाही विचार असावा लागतो. १८७२ पासून धूतपापेश्वरचा आयुर्वेदीय कारखाना ज्या गावात आहे, त्या पनवेलला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शेतीचा श्रम आरोग्यदायी आहे असे सरसकट म्हणणारा मनुष्य शेतकऱ्याच्या घरात कधी गेलेला नसतो. लावणीच्या पंधरवड्यात दिवसाचे दहा दहा तास वाकून राहिलेली बाई पन्नाशीत सरळ उभी राहू शकत नाही, हे मी पाहिले आहे. खाचरातील पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊन मूत्रपिंडे निकामी झालेले तरुण मी पुढच्या रुग्णालयात धाडले आहेत. तोच श्रम, तीच माती. एकाला ती झिजविते आणि दुसऱ्याला सावरते, यातील भेद मात्रेचा आहे, आणि स्वेच्छेचाही आहे.

म्हणून आमच्या शेतावर काही नियम प्रारंभापासून अमलात होते. धनुर्वाताची लस घेतल्यावाचून कोणी कुदळीला हात लावावयाचा नाही. ज्याच्या पायावर जखम किंवा चीर आहे त्याने पावसाळी खाचरात उतरावयाचे नाही, कारण उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायराचे जंतू अशाच वाटेने देहात शिरतात. ज्यांना चिखलातील काम करावयाचेच आहे त्यांना प्रतिबंधक औषध द्यावे की नाही हे प्रकृती पाहून ठरवावयाचे. मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची संवेदना मंदावली आहे त्यांनी अनवाणी पाऊलही टाकावयाचे नाही. त्यांचे काम बांधावर आणि वाफ्यांवर. इन्सुलिन किंवा शर्करा वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी यावयाचे नाही आणि खिशात साखरेची पुडी बाळगावयाची. रक्तदाबाच्या औषधांवर असणाऱ्यांनी उकिडवे बसल्यावर एकदम उठावयाचे नाही. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने ठोकावयाचे, कारण हा मुलूख घोणस, मण्यार आणि फुरसे यांचा आहे, आणि दगड उलटताना विंचवाची आठवण ठेवावयाची. याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा जो उपयोग करून दाखविला, त्याने एकेकाळी भयावह असलेले मृत्यूचे प्रमाण अत्यंत कमी झाले. तरी दंश टाळणे हे उपचारापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. आणि सर्वांत मोठा नियम हा की, नवख्या माणसाने दमण्यापूर्वी थांबावयाचे. आरंभी थोडे, मग रोज किंचित अधिक, या पायरीने जो चढला तो टिकला.

मात्रेचा हा नियम कोकणच्याच एका थोर पुरुषाच्या जीवनात मला उत्कृष्ट रीतीने आढळतो. विनोबा भावे यांचा जन्म आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली झाला. १९३८ साली त्यांची प्रकृती इतकी ढासळली की वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर आले. गांधीजींच्या आग्रहावरून विश्रांतीसाठी ते वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, राहावयास गेले. नदीवरील पूल ओलांडताना त्यांनी संस्थांचे, कार्याचे सर्व विचार मनातून सोडून दिले. आणि मग शेतात खणण्यास आरंभ केला. प्रथम केवळ काही मिनिटे, मग प्रतिदिनी थोडी वाढ, अशा क्रमाने ते तासांपर्यंत पोहोचले, आणि त्यांच्याच आठवणींप्रमाणे वर्षाच्या आत त्यांच्या वजनात सुमारे चाळीस पौंडांची भर पडली. ज्याचे आयुष्य ग्रंथांत आणि चिंतनात गेले अशा विद्वानाने खणतीला औषधाप्रमाणे मोजून घेतले, आणि त्याबरोबर चित्तावरील भारही उतरविला, यातच त्या प्रयोगाचे मर्म आहे. माझ्या रुग्णांना मी ही कथा अनेकदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी तिचा परिणाम माझ्या उपदेशाहून अधिक झाला.

चिखलातील लावणी सर्वांना झेपणारी नाही हे स्पष्ट झाल्यावर आम्ही कर्जत तालुक्यातील नेरळच्या सगुणा बागेकडे वळलो. तेथे शेखर भडसावळे यांनी भातशेतीची जी नवी पद्धत विकसित केली, तिच्यात चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. गादीवाफे एकदा करून ठेवावयाचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडावयाची, त्यांत बी टोचावयाचे, आणि कापणीनंतर मुळे उपटून न काढता तशीच जमिनीत राहू द्यावयाची. त्याच वाफ्यांवर पुढे वालासारखे कडधान्य घेता येते. दरवर्षीची नांगरणी टळल्याने मातीचे हित होते आणि शेतकऱ्याचा खर्च वाचतो, हा त्या पद्धतीचा मुख्य हेतू. परंतु मला तिच्यात वैद्यकीय सोय दिसली. गुडघे दुखणारे गृहस्थ वाफ्यांमधील कोरड्या सरीत लहान चौरंगावर बसून बी टोचू शकत, आणि ज्यांना खाली बसणेच अशक्य ते साचा दाबीत पुढे जात. अशा रीतीने एकाच खाचरात अर्ध्या भागात मावशीची लावणी आणि अर्ध्या भागात वाफ्यांवरील टोकण चाले, आणि प्रत्येकाला प्रकृतीनुसार काम नेमून देता येई. विहिरीलगतच्या पट्टीत भेंडी, माठ, शिराळी, दुधी आणि पडवळ होत. बांधावर तूर लावलेली असे.

वर्षाचा क्रम बसू लागला तसतसे आणखी एक परिवर्तन दिसू लागले, ज्याचा मी आधी विचार केला नव्हता. माणसांच्या ताटात पालट होऊ लागला. पावसाच्या पहिल्या सरींनंतर पनवेलच्या बाजारात कातकरी आणि ठाकूर बाया शेवळे, कुलू, टाकळा, भारंगी, कंटोळी घेऊन बसतात, हे पनवेलकर जन्मभर पाहत असतो; परंतु शेवळांना खाज असते, ती मोडण्यासाठी काकडाची फळे घालावी लागतात, हे ज्ञान नव्या वसाहतींतील स्वयंपाकघरांतून नाहीसे झाले होते. मावशीने ते आमच्या शिक्षिकांना शिकविले, आणि त्यांनी आपापल्या इमारतींत पसरविले. पौषात वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्डीच्या पाल्यात मडके भरून पोपटी लागे, आणि त्या रात्री मुले, सुना, नातवंडे सारी शेतावर जमत. एकटेपणा हा आमच्या वसाहतींतील वृद्धांचा मोठा रोग आहे, आणि त्यावर कोणतीही गोळी नाही. पतीच्या निधनानंतर वर्षभर घराबाहेर न पडलेल्या एका बाईंना मी त्या शेकोटीपाशी इतरांना शेंगा सोलून देताना पाहिले, तेव्हा या उपक्रमाची सार्थकता मला निराळ्या आकड्यांत मोजावीशी वाटली नाही.

आकड्यांचे म्हणावयाचे तर, आमच्या मंडळीपैकी नियमाने येणाऱ्या पुष्कळांच्या कंबरेचा घेर कमी झाला, काहींची औषधे मला उतरविता आली, काहींची उतरविता आली नाहीत. त्यावरून सिद्धांत मांडण्याचा माझा हेतू नाही. सिद्धांत मांडणारे अन्यत्र आहेत. नेदरलंड्समध्ये व्हान डेन बर्ग आणि कस्टर्स या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नागरिकांना शहराकाठी मिळालेल्या बागांतून काम करणाऱ्या लोकांना प्रथम मनावर ताण आणणारे एक काम दिले, आणि नंतर काहींना अर्धा तास बागेत काम करावयास व काहींना घरात वाचन करावयास सांगितले. दोन्ही गटांत ताणाशी संबंधित असलेले कॉर्टिसॉल उतरले, परंतु बागेत काम करणाऱ्यांत ते अधिक उतरले आणि त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली. २०१७ साली जपानी आणि ब्रिटिश संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करून बागकामाचा देह आणि मन या दोहोंच्या स्वास्थ्याशी हितकारक संबंध असल्याचे दाखविले. म्हणजे प्रबळगडाच्या पायथ्याशी आम्हाला जे जाणवले ते आमच्या भावनेचे खेळ नव्हते.

तथापि या सर्व अनुभवातून मला जे म्हणावयाचे आहे ते केवळ व्यक्तीच्या आरोग्याविषयी नाही. पनवेल ही महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. तिच्या हद्दीत खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल यांसारख्या वसाहती आहेत, आणि त्यांतील बहुतेक इमारती एकेकाळच्या भातखाचरांवर उभ्या आहेत. या वसाहतींत उद्याने आहेत, परंतु त्या उद्यानांत नागरिकाने फिरावयाचे आणि बसावयाचे. मातीला हात लावण्याची तजवीज तेथे नाही. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने, नागरिकांची मागणी असेल तेथे त्यांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे अल्प खंडाने उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. जपानने १९९० साली नागरी शेतांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होवो. परंतु प्रत्येक प्रभागातील एका उद्यानाचा कोपरा, तलावाकाठची एखादी पट्टी, शाळेमागचे मोकळे आवार, गृहनिर्माण संस्थेच्या भिंतीलगतची जागा, एवढे वाफ्यांसाठी राखून ठेवण्यास महापालिकेला आणि संस्थांच्या कार्यकारिणींना ठराव करण्यापलीकडे काय लागणार आहे? मार्गदर्शनाची उणीव पडण्याचे कारण नाही. क्षारयुक्त जमिनीत तग धरणारे पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे भाताचे वाण ज्या खारभूमी संशोधन केंद्रातून निघाले ते याच गावात आहे, आणि कर्जतचे भात संशोधन केंद्रही दूर नाही.

आणि शिक्षक? ते तर आपल्या इमारतींच्या छायेतच बसलेले आहेत. पंचाण्णव गावांतील जी पिढी जमीन जाण्यापूर्वी नांगरावर हात ठेवून वाढली, ती आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. आवण केव्हा उपटावे, पाणी कोणत्या बांधाने सोडावे, वालाची ओल कशी ओळखावी, हे सर्व तिला ठाऊक आहे. आणि तिला ते कोणी विचारीत नाही. प्रत्येक नागरी वाफ्यामागे या वृद्ध शेतकऱ्यांना आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांना मानधन देऊन शिक्षक म्हणून नेमावे, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. त्याने नवागतांना आरोग्य मिळेल, वृद्धांना मान मिळेल, आणि ज्यांच्या जमिनीवर आपण राहतो त्यांच्या ऋणातून काही अंशी मुक्त होण्याची संधी आपल्याला मिळेल. ही पिढी फार वर्षे आपल्यात असणार नाही. म्हणून पनवेलच्या आणि पनवेलसारख्या प्रत्येक वाढत्या शहराच्या नागरिकांना माझी विनंती आहे की, येत्या मृग नक्षत्रापूर्वी आपल्या घराजवळची चार हात मोकळी जमीन शोधा, तिच्यासाठी संबंधित कचेरीत रीतसर अर्ज करा, जवळच्या गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला सन्मानाने बोलावून आणा, आणि तो सांगेल तेवढेच, तो सांगेल तसे, खणावयास लागा.